मुखपृष्ठावरची नथ आणि कायद्यातला कर्ता

एका तालुक्याच्या गावातून निघणाऱ्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी विचारलं आहे:

‘यंदाचं मुखपृष्ठ आम्ही एआयवर तयार केलं. पैठणी नेसलेली, हातात पणती घेतलेली बाई आणि मागे वाड्याचा चौक. आमच्या मांडणीचं काम बघणाऱ्या ताईंनी त्यातली नथ आणि पदरावरचे मोर नव्यानं काढले, कोपऱ्यात तुळशीवृंदावन स्वतः शाईनं काढून बसवलं. अंक येऊन आठवडा झाला नाही तोच शेजारच्या गावातल्या एका साडीच्या दुकानानं अंकाचं नाव कापून तेच चित्र आपल्या फ्लेक्सवर लावलं. विचारायला गेलो तर म्हणाले, एआयच्या चित्रावर कुणाचाच हक्क नसतो. हे खरं आहे का? दुसरं म्हणजे, अंकातल्या एका कथेच्या लेखकानं छापून झाल्यावर सांगितलं की त्यानं एआयची मदत घेतली होती. त्यातून आमच्यावर काही येऊ शकतं का? आणि तिसरं, आमच्या तीस वर्षांच्या जुन्या अंकांवर कुणी एआय शिकवलं तर आम्ही अडवू शकतो का?’

दुकानदाराचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, म्हणूनच आधी त्याचा निकाल लावू.

तुम्ही पाठवलेली फाइल मी उघडून पाहिली. यंत्रानं दिलेलं मूळ चित्र सगळ्यात खालच्या थरात जसंच्या तसं ठेवलेलं आहे, हे ताईंनी फार चांगलं केलं. त्या मूळ चित्रात नथ उजव्या नाकपुडीवर आहे आणि ती नथ कसली, नुसतं एक कडं आहे, मोती नाहीत. पदरावरच्या मोरांपैकी एकाला दोन पिसारे आहेत, बाकीचे वितळल्यासारखे एकमेकांत मिसळले आहेत. ताईंनी नथ डाव्या बाजूला नेली, मोती आणि लाल खडा घालून नीट घडवली, मोर एकेक करून काढले. वृंदावन मात्र त्यांचं पूर्णपणे स्वतःचं आहे. कार्ट्रिज पेपरवर टाक आणि शाईनं काढलेलं, आजोळच्या अंगणातलं. त्याच्या कोनाड्याचा एक टवका उडालेला आहे. फ्लेक्सचा फोटो मोठा करून बघा: टवका तिथेही उडालेला आहे.

हा टवका लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

आपला प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा. कृती मौलिक असेल तरच तिला संरक्षण मिळतं, हे कलम १३ सांगतं. कर्ता कोण, हे कलम २ मधल्या व्याख्येत आहे. पुस्तकाचा लेखक, चित्राचा चित्रकार, छायाचित्राचा छायाचित्रकार, असं करत करत त्या यादीत १९९४ च्या दुरुस्तीनं सहावी बाब घातली गेली: संगणकानं निर्माण केलेल्या साहित्य, नाट्य, संगीत किंवा कलाकृतीच्या बाबतीत, ती कृती जिनं निर्माण करवली ती व्यक्ती म्हणजे कर्ता. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातही अशा धर्तीची तरतूद आहे. ज्या काळात ही वाक्यं लिहिली गेली त्या काळात संगणक म्हणजे माणसानं दिलेला हिशोब किंवा आराखडा बिनचूक काढून देणारं यंत्र होतं. दोन ओळी सांगितल्यावर पैठणी नेसलेली बाई काढून देणारं यंत्र कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतं.

तरी शब्द कायद्यात आहेत, आणि ते आपल्या बाजूचे आहेत. ‘निर्माण करवली’ ती व्यक्ती कोण? सूचना टाइप करणाऱ्या ताई, की ज्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ते केलं ते तुम्ही संपादक, की ज्यांनी ते साधन बांधलं ती कंपनी? आजच्या एआयच्या संदर्भात या शब्दांचा शेवटचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं अजून लावलेला नाही. माझं मत विचाराल तर कंपनीचा क्रम शेवटचा लागतो, कारण या चित्राची कल्पना, गरज, निवड यातलं काहीच तिचं नाही. बहुतेक मोठ्या कंपन्या स्वतःच्या अटींतच लिहितात की जे तयार होईल ते वापरणाऱ्याचं. पण त्या वाक्यावर फार विसंबू नका. कंपनी तुम्हाला स्वतःकडे असलेला हक्क देऊ शकते. मुळात हक्कच जन्माला आला नसेल तर ती देणार काय? शिवाय त्या अटी तुमच्या आणि कंपनीच्या मधल्या आहेत, साडीच्या दुकानदारानं त्यावर सही केलेली नाही.

आणखी एक अडचण आहे. कर्ता सापडला म्हणून कृती मौलिक ठरत नाही. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि लोक पहिलीवर चढून दुसरी विसरतात. मौलिक म्हणजे काय, याचं आपल्याकडचं सगळ्यात कामाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात दिलं आहे. निकाल डिसेंबर २००७ चा. तो जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मुखपृष्ठाशी त्याचं नातं वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे.

न्यायालयांचे निकाल कुणाच्या मालकीचे नसतात, ते कुणीही छापू शकतो. ही कंपनी ते निकाल संपादित करून छापत असे. मोडक आणि इतरांनी निकाल सीडीवर आणले, तेव्हा कंपनी म्हणाली, आमची मेहनत चोरली. न्यायालयानं मेहनतीला सरसकट हक्क दिला नाही. टंकनाच्या चुका सुधारल्या, संदर्भ भरले, विरामचिन्हं नीट केली, एवढ्यानं मूळ मजकूर तुमचा होत नाही, असं सांगितलं. पण सलग निकालाचे अर्थ लावून परिच्छेद पाडणं, त्यांना क्रमांक देणं, कोणत्या न्यायमूर्तींनी सहमती दिली आणि कुणी भिन्न मत दिलं हे ओळखून लिहिणं, यात संपादकाची समज आणि निर्णय लागतो. तेवढ्यापुरता हक्क कंपनीचा मानला. म्हणजे खालचा मजकूर कुणाचाच नाही, पण त्यावर माणसानं डोकं लावून जे केलं ते त्याचं.

आता ‘मजकूर’ काढून ‘यंत्राचं चित्र’ घाला. ताईंनी रंग थोडा उजळला, कडा कापल्या, हे विरामचिन्हं सुधारण्यासारखं आहे. त्यातून काही मिळणार नाही. मोर नव्यानं काढले, ते त्यांचे. वृंदावन तर कुठल्याही शंकेविना त्यांची स्वतंत्र कलाकृती आहे, एआय असो वा नसो. बाई, पणती आणि चौक यांची जागा कुठे, किती, कशाच्या मागे काय, ही मांडणी जितकी माणसाच्या हातून झाली आहे तितकी तीही धरता येईल.

अमेरिकेत याच रेषेवर निर्णय झाले आहेत. तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेबद्दल सांगितलं की लेखिकेनं लिहिलेला मजकूर आणि चित्रांची निवड-मांडणी तिची, पण मिडजर्नी या एआय साधनानं काढलेली एकेक चित्रं तिची नाहीत. दुसऱ्या एका चित्रासाठी कलाकारानं निदान ६२४ वेळा सूचना बदलून लिहिल्या होत्या, तरी नोंदणी नाकारली. तिथलं म्हणणं असं की सूचना देणं म्हणजे काढणं नव्हे. संगणकशास्त्रज्ञ स्टीफन थेलर यांनी तर नोंदणीच्या अर्जात थेट यंत्रालाच कर्ता म्हणून लावलं होतं. मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं सांगितलं की कर्ता माणूसच असावा लागतो. याच्या उलट, बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना आणि मापं बदलत बदलत हवं ते चित्र मिळवणाऱ्या माणसाला हक्क दिला. आपला कायदा शब्दांनी बीजिंगच्या बाजूला झुकू शकतो आणि मौलिकतेच्या कसोटीनं वॉशिंग्टनच्याही. म्हणून कुणी छातीठोकपणे ‘संपूर्ण चित्र तुमचंच’ किंवा ‘कुणाचंच नाही’ सांगत असेल तर त्याला आधी कोणत्या निकालावर हे म्हणता, ते विचारा.

आपल्या कॉपीराइट कार्यालयाचा एक अनुभव वकिलांत फार चर्चिला गेला. अंकित सहानी यांनी सूर्यास्ताचं एक छायाचित्र आणि व्हॅन गॉग यांच्या एका चित्राची शैली ‘राघव’ नावाच्या साधनात घालून एक चित्र तयार केलं. एकट्या ‘राघव’ला कर्ता दाखवणारा अर्ज कार्यालयानं नाकारला, पण सहानी आणि ‘राघव’ अशा दोघांना सहकर्ते दाखवणारा अर्ज नोव्हेंबर २०२० मध्ये मंजूर झाला. वर्षभरानं त्याच कार्यालयानं नोंदणी मागे घेण्याची नोटीस पाठवली आणि त्या साधनाचा कायद्यातला दर्जा काय, ते सांगा म्हटलं. याच चित्राला अमेरिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी नाकारली. यातून तुम्ही एवढंच घ्या: अर्जात यंत्राचं नाव कर्ता म्हणून घालू नका, आणि यंत्रानं केलेलं स्वतः केलं असंही लिहू नका. नोंदणीचं प्रमाणपत्र हा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा असतो, पण खोट्या माहितीवर मिळवलेली नोंद रद्द होते, आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचा विश्वासही तिच्याबरोबर जातो. मी हे होताना पाहिलं आहे. एका अशिलानं सगळं चित्र हातानं काढलं म्हणून शपथेवर सांगितलं, समोरच्या वकिलांनी मूळ फाइल मागितली आणि पुढच्या तारखेला आमच्याकडे बोलायला काही उरलं नाही.

तर दुकानदाराला काय पाठवायचं?

नोटीस पाठवा, पण मोजून. हक्क सांगताना पहिला क्रम वृंदावनाचा, दुसरा मोरांचा, तिसरा मांडणीचा. संपूर्ण चित्रावरचा हक्क कलम २ मधल्या त्या सहाव्या बाबीखाली पर्यायी मुद्दा म्हणून मांडा, आणि चित्राचा पाया एआयनं केलेला आहे हे नोटिशीतच स्वच्छ लिहा. वस्तुस्थिती सगळी खरी सांगायची आणि कायद्याचा दावा मोकळा ठेवायचा. याला कमीपणा समजू नका. नथ छोटी आहे, तिच्यावर स्वतंत्र हक्क सांगण्यात अर्थ नाही. पण पुरावा म्हणून ती सोन्यासारखी आहे. ‘आम्हीपण एआयवरच काढलं, योगायोगानं सारखं आलं’ असं दुकानदार म्हणेल. म्हणू दे. यंत्राची नथ उजवीकडे होती. फ्लेक्सवर ती डावीकडे आहे, तेच मोती, तोच खडा. आणि ताईंच्या आजोळच्या वृंदावनाचा टवका कुठलंही यंत्र योगायोगानं उडवणार नाही. नथीनं नक्कल सिद्ध होते आणि वृंदावनानं हक्क.

नोटिशीत अवाच्या सवा धमक्या नकोत. कलम ६० फार थोड्या लोकांना माहीत असतं: निराधार धमकी दिली तर समोरचाच तुमच्यावर दावा लावून नुकसानभरपाई मागू शकतो. दावा लावायची वेळ आलीच तर कलम ६२ मुळे तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात तो लावता येतो. दुकानदाराच्या मागे फिरावं लागत नाही. तरी खरं सांगू? अशा प्रकरणात फ्लेक्स उतरवणं, लेखी दिलगिरी आणि ताईंना रास्त मानधन, एवढं मिळालं तर मिटवून टाका. दिवाळी संपल्यावर त्या फ्लेक्सची किंमत काही उरत नाही आणि तारखा मात्र चालूच राहतात.

आता तुमच्याच घरातला एक प्रश्न. ताई तुमच्याकडे पगारावर आहेत की कामापुरत्या? पगारावर असतील आणि वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात अंकासाठी केलेल्या कामाचे, नियतकालिकात छापण्यापुरते, पहिले मालक तुम्ही; बाकीचे हक्क ताईंचेच. बाहेरून काम करत असतील तर मालक कोण हे कामाच्या प्रकारावर अवलंबून राहतं. पैसे घेऊन काढलेलं रंगचित्र, छायाचित्र यांना कायद्यात वेगळा नियम आहे, पण शाईच्या रेखाटनाला तो लागू होतो का यावर वाद घालत बसण्यापेक्षा एक कागद करा. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि त्या कागदात ताईंचं नाव मुखपृष्ठाची चित्रकार म्हणून छापायचं हेही लिहा. नावाचा हक्क कलम ५७ खाली त्यांचाच राहतो, तो विकत घेता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये अमरनाथ सहगल यांच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरी ते मोडून गोदामात टाकण्याचा सरकारला अधिकार नव्हता, असं न्यायालय म्हणालं. मालकी एक, कर्त्याचा मान वेगळा.

कथेचा प्रश्न त्या मानानं सोपा आहे. एआयची मदत घेऊन लिहिलेली कथा छापणं हा गुन्हा नाही. कथानक लेखकाचं, पात्रं त्याची, यंत्रानं दिलेला मसुदा त्यानं मोडून पुन्हा लिहिला असेल तर ती त्याचीच कथा. तीन ओळी सांगून आलेल्या सात पानांत त्यानं फक्त अनुस्वार दुरुस्त केले असतील तर मोडक निकालाच्या कसोटीवर त्याच्याकडे फारसं काही नाही, आणि ती कथा दुसऱ्यानं उचलली तर तुम्हालाही रोखता येईल याचा भरवसा नाही.

धोका दुसऱ्या बाजूनं आहे. यंत्राच्या मजकुरात कुणाच्या तरी छापलेल्या ओळी जशाच्या तशा आल्या असतील तर छापणारे तुम्ही आहात. ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणणं फौजदारी बाजूला उपयोगी पडतं, कारण कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेलं उल्लंघन लागतं. दिवाणी बाजूला मात्र अजाण माणसावरही मनाई हुकूम येऊ शकतो आणि त्यातून झालेला नफा परत द्यावा लागू शकतो. म्हणून पुढच्या वर्षीपासून लेखकांच्या संमतिपत्रात दोन ओळी वाढवा: एआय वापरलं का, कुठे वापरलं, आणि मजकुरात दुसऱ्याचं काही नाही याची हमी. लेखकांना राग येईल या भीतीनं संपादक हे विचारत नाहीत. विचारलेलं चालतं, फक्त सगळ्यांना विचारा, नवोदितांना एकट्यांना नको.

याच्याशी जोडून एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो, कारण ती आता दर दिवाळीला दिसते. इंग्रजी कथा यंत्रातून मराठीत आणायची, गावांची नावं बदलायची आणि ‘आधारित’ म्हणून छापायची. भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा आहे, कलम १४ मध्ये तो स्पष्ट लिहिलेला आहे. भाषांतर माणसानं केलं की यंत्रानं, यानं काडीचाही फरक पडत नाही. लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं परवानगी लागते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं साहित्य २०११ पासून सर्वांना खुलं झालं, हा हिशोब तोच. भाषांतरकारांना मात्र माझं उलट सांगणं आहे. प्रकाशक ‘यंत्राचं भाषांतर आहे, जरा हात फिरवा’ म्हणून चौथाई दरात काम देतात. हात फिरवताना तुम्ही वाक्य न् वाक्य पुन्हा लिहिता. मग तो करार ‘संपादना’चा का? यंत्राची प्रत आणि तुमची प्रत दोन्ही जपून ठेवा, शेजारी ठेवून दाखवा, आणि करारात ‘भाषांतर’ हा शब्द मागून घ्या. नाव त्यावर अवलंबून आहे.

अंकातल्या कथा ध्वनिरूपात काढायचा विचार असेल तर एखाद्या प्रसिद्ध गायकाचा वा नटाचा आवाज यंत्रातून बनवू नका. तो प्रश्न प्रताधिकाराच्याही पुढचा आहे. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूनं आदेश देऊन त्यांच्या आवाजाची यंत्रानं केलेली नक्कल थांबवली आहे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे.

जुन्या अंकांचे मालक तुम्ही आहात, असं तुम्ही धरून चालला आहात. संपादक म्हणून अंकाच्या निवडीवर आणि मांडणीवर तुमचा हक्क असू शकतो. पण आतली कथा, कविता, व्यंगचित्र? तीस वर्षांत किती जणांशी लेखी करार झाला? बहुतेक दिवाळी अंकांत रीत अशी की पोस्टकार्डानं किंवा फोननं साहित्य मागवायचं, अंक आणि जमेल तेवढं मानधन पाठवायचं. त्यातून एकदा छापायची परवानगी मिळते, हक्क मिळत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम १८ मध्ये आणखी एक रक्षण आलं: करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराचा जो प्रकार व्यवहारात नव्हता, त्याचा करारात नावानं उल्लेख नसेल तर तो हक्क हस्तांतरित होत नाही. म्हणून कुणी कंपनी किंवा मध्यस्थ तुमच्याकडे येऊन ‘जुने अंक स्कॅन करून द्या, एआयच्या शिकवणीसाठी पैसे देतो’ म्हणाला तर सही करू नका. तो हक्क लेखकांचा, आणि गेलेल्या लेखकांच्या वारसांचा आहे. तुम्ही विकायला बसलात तर उद्या तेच तुमच्यासमोर उभे राहतील, आणि ते बरोबर असतील.

परवानगीविना शिकवणी झाली, म्हणजे तुमचा मजकूर यंत्राला घालून त्याला त्यावरून लिहायला तयार केलं, तर? आपल्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्त यांसाठी उचित वापराची सूट आहे. व्यापारी एआयच्या शिकवणीला सूट देणारं स्वतंत्र कलम नाही. जपाननं अशी सूट कायद्यात दिली आहे. युरोपीय संघानं दिली, पण हक्कधारकाला ‘माझं वगळा’ म्हणण्याची मुभा ठेवून. आपल्याकडे एएनआय या वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. शिकवणीसाठी मजकूर साठवणं हे उल्लंघन आहे का, उचित वापरात ते बसतं का, आणि सर्व्हर देशाबाहेर असताना इथल्या न्यायालयाला अधिकार आहे का, हे मुद्दे तिथे निघाले. भारतीय प्रकाशकांचा महासंघही त्यात म्हणणं मांडायला गेला. मराठी प्रकाशकांनी या खटल्यावर लक्ष ठेवावं, कारण तिथे जे ठरेल त्याचे पडसाद तालुक्याच्या दिवाळी अंकापर्यंतही येऊ शकतात.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीनं एक मसुदा पुढे आणला. एआय कंपन्यांना कायदेशीररीत्या मिळालेला सगळा मजकूर शिकवणीसाठी वापरायची सक्तीची परवानगी, त्याबदल्यात एका मध्यवर्ती संस्थेमार्फत हक्कधारकांना मानधन. लेखकाला नकाराचा अधिकार त्यात नाही. माझा याला विरोध आहे आणि तो मी लपवत नाही. पैसे मिळणं चांगलंच, पण ‘माझी कविता यात नको’ म्हणण्याचा हक्क कवीकडून काढून घेताना त्याला निदान विचारायला हवं होतं. आणि पैसे तरी कुणापर्यंत पोहोचणार? नोंद असेल त्याच्यापर्यंत. अमेरिकेत २०२५ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीनं चोरीच्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या पुस्तकांच्या दाव्यात १५० कोटी डॉलरची तडजोड केली. सुमारे पाच लाख पुस्तकं, पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर. पात्र कोणती, तर ज्यांची तिथल्या कॉपीराइट कार्यालयात ठरावीक मुदतीत नोंदणी झाली होती ती. चोरी झालेल्या पण नोंद नसलेल्या पुस्तकाच्या लेखकाला त्या यादीत जागा नव्हती. आपल्याकडे हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही, हे मी वर्षानुवर्षं अशिलांना सांगत आलो. ते आजही खरं आहे. पण वाटपाची वेळ येते तेव्हा कागद असलेला पुढे आणि नसलेला मागे उभा राहतो, म्हणून आता नोंदणी करून घ्या असंही सांगतो. मध्यवर्ती संस्था झालीच, तर विदर्भातल्या एखाद्या कवीच्या विधवा पत्नीचं नाव तिच्या यादीत कोण घालणार, हा प्रश्न साहित्य संस्थांनी आजच हातात घ्यायला हवा. लेखकांची, वारसांची, पत्त्यांची यादी करायला कायदा लागत नाही.

मागच्या वर्षी एक वयस्कर चित्रकार माझ्याकडे आले होते. चाळीस वर्षं मासिकांसाठी कथाचित्रं केलेली. पिशवीतून त्यांनी बटर पेपरचे तुकडे काढून टेबलावर पसरले. एकाच बाईच्या मानेची वळणं, सात-आठ वेळा काढलेली. मग फोनवर कुणीतरी त्यांच्या नावानं यंत्राकडून काढून घेतलेलं चित्र दाखवलं. ‘ही माझी रेघ आहे,’ म्हणाले, ‘पण हे मी काढलेलं नाही.’ त्यांना काय सांगणार? शैलीवर हक्क नसतो. कल्पना आणि विषय मोकळे असतात, हक्क मिळतो तो अभिव्यक्तीला, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात ठरवून दिलं आहे आणि तो नियम कलेच्या भल्याचाच आहे. शैलीवर हक्क असता तर कुणीच कुणाकडून शिकू शकलं नसतं. वारलीचंही तेच. ती पद्धत कुणा एकाची नाही, ‘वारली चित्रकला’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे. पण जिव्या सोमा मशे यांनी काढलेलं एखादं विशिष्ट चित्र उचललंत तर गोष्ट वेगळी. ते २०१८ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांचा हक्क २०७८ अखेरपर्यंत राहतो. त्या चित्रकारांनाही मी हेच सांगितलं: रेघेवर दावा लावता येणार नाही, पण तुमचं एखादं चित्र ओळखू येईल इतकं त्यात उतरलं असेल, किंवा तुमचं नाव लावून ते विकलं जात असेल, तर आपल्याला जागा आहे. त्यांनी बटर पेपर गोळा केले आणि म्हणाले, मग शोधतो. अजून शोधत आहेत. अशा माणसाकडून पुढचं मुखपृष्ठ करून घ्या, ही माझी तुम्हाला मनापासून विनंती. यंत्राला त्यातली पणती काढता आली, वृंदावन मात्र ताईंनाच काढावं लागलं, हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे.

आता लगेच करायची कामं. फ्लेक्सचे फोटो काढा, जवळून आणि लांबून, दुकानाची पाटी त्यात येईल असे. एआयच्या साधनातला सगळा इतिहास, कोणती सूचना केव्हा दिली आणि काय मिळालं, तो उतरवून ठेवा. काही साधनांत तो कालांतरानं पुसला जातो. फाइलचे थर एकत्र करू नका. हे सगळं संगणकावरचं असल्यामुळे न्यायालयात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागेल, म्हणून कोणत्या संगणकावर काम झालं आणि तो कुणाच्या ताब्यात होता, हे आत्ताच लिहून ठेवा. वृंदावनाच्या रेखाटनाची कलाकृती म्हणून वेगळी नोंदणी ताईंच्या नावानं करा. शुल्क ५०० रुपये, साडी किंवा तोरणासारख्या वस्तूंवर वापरायचं असेल तर २,०००. अर्जानंतर कुणाची हरकत येते का यासाठी तीस दिवस थांबावं लागतं.

आणि तो कार्ट्रिज पेपर. ताईंना सांगा, तो लॅमिनेट करू नका, घडी घालू नका, सपाट फायलीत ठेवा. मागच्या बाजूला पेन्सिलनं, हे केव्हा आणि कशासाठी काढलं, त्या दोन ओळी लिहून सही करा. सहीखाली तारीख मात्र आजचीच घाला.